उतारवयातील मैफल : गळा, पट्टी आणि श्रोता

हिंदुस्थानी रागसंगीतात कलावंताला निवृत्तीचे वय ठरलेले नाही. ख्यालगायक विशीत मांडलेला यमन ऐंशीव्या वर्षीही त्याच व्यासपीठावरून मांडू शकतो, आणि कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत विद्यादान करणारे उस्ताद अब्दुल रशीद खाँ (१९०८–२०१६) यांच्यासारखा एखादा गायक तर शंभरी ओलांडल्यावरही जाहीर मैफलीत गातो. महाराष्ट्रात आणि गोव्यात अशा ज्येष्ठांच्या मैफलींना आजही गर्दी होते. परंतु तेथे येणारा श्रोता बहुधा एक तर दर्शनाच्या भावनेने येतो किंवा पूर्वी ऐकलेल्या गाण्याची आठवण पुन्हा जागी व्हावी या अपेक्षेने येतो. दर्शनाला आलेल्याला गाणे कसेही झाले तरी चालते, आणि आठवणीसाठी आलेल्याला ते पूर्वीसारखे झाले नाही म्हणून हळहळ वाटते. समोर प्रत्यक्ष जे गायले जात आहे ते दोघांच्याही ऐकण्यातून निसटते. वस्तुतः उतारवयातील गाणे ही तरुणपणीच्या गाण्याची झिजलेली प्रत नसते. शरीराने घातलेल्या मर्यादांच्या आत कलावंताने नव्याने केलेली ती मांडणी असते, आणि तिचे निकषही काही अंशी वेगळे असतात.

शरीराच्या या मर्यादा नेमक्या कोणत्या, हे समजून घेतल्याशिवाय त्या मांडणीची किंमत कळत नाही. स्वर निर्माण करणाऱ्या स्वरतंतूंची लवचीकता वयोमानाने कमी होते, त्यांतील स्नायू बारीक होतात आणि गाताना दोन्ही तंतू पूर्णपणे मिटेनासे होतात, त्यामुळे आवाजात हवा मिसळते आणि तो विरळ होतो. स्त्रियांचा आवाज सामान्यतः खाली उतरतो, पुरुषांचा कित्येकदा किंचित वर सरकून पातळ होतो. फुप्फुसांची क्षमता घटल्याने दमसास, म्हणजे एका श्वासात स्वरवाक्य पेलण्याची ताकद, आखूड होते. लांबवलेल्या स्वरात कंप येतो. तार सप्तकातील पंचम, जो चाळिशीत सहज लागत असे, तो आता प्रयत्नपूर्वक गाठावा लागतो किंवा सोडून द्यावा लागतो. कानाची जाण, लयीची पक्की बैठक आणि रागाची स्मृती या गोष्टी मात्र गळ्याइतक्या लवकर थकत नाहीत, आणि ज्येष्ठ कलावंताची मैफल उभी राहते ती या तफावतीवर: जाणणारे मन पूर्ण सामर्थ्याने काम करत असते आणि गळ्याकडे त्याच्या आज्ञेतला काही भागच पार पाडण्याची ताकद उरलेली असते.

पहिला बदल पट्टीत होतो. पट्टी म्हणजे गायकाने आपला षड्ज म्हणून स्वीकारलेली स्वराची उंची. हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून ती ‘काळी एक’, ‘काळी दोन’, ‘पांढरी पाच’ अशी सांगितली जाते. वयाबरोबर बहुतेक गायक ही उंची एक-दोन स्वरांनी खाली आणतात, आणि हा निर्णय वाटतो तितका साधा नसतो, कारण षड्ज खाली आला की मैफलीतील प्रत्येक वाद्याचा स्वभाव बदलतो. तानपुऱ्याच्या तारा सैल कराव्या लागतात किंवा जाड घ्याव्या लागतात, आणि त्यांची जवारी, म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाला दिलेल्या सूक्ष्म उतारामुळे व दोऱ्यामुळे मिळणारी गुंजणारी आस, पुन्हा जुळवावी लागते. तबलजीला मोठ्या तोंडाचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताने वाजवायचा तबला, आणावा लागतो, ज्याचा नाद अधिक घुमारेदार आणि कमी टोकदार असतो. त्यामुळे मैफलीचा एकूण ध्वनीच गडद होतो. जाणता गायक या गडदपणाचा उपयोग करून घेतो. तार सप्तकात जे हरवले ते खर्जात, म्हणजे मध्य षड्जाखालच्या मंद्र सप्तकात, शोधता येते, आणि आयुष्यभर पहाटे खर्जाचा रियाज केलेल्या गळ्याला तेथे जे सापडते ते तरुण गळ्याला सहसा सापडत नाही.

रागाच्या निवडीवरही याचा परिणाम होतो. सप्तकाचा खालचा अर्धा भाग पूर्वांग आणि वरचा उत्तरांग मानला जातो, आणि काही रागांचा जीव एकात तर काहींचा दुसऱ्यात असतो. पूरिया आणि सोहनी हे राग स्वर तेच घेतात, तरी पूरिया मंद्र आणि मध्य सप्तकांत रमतो व सोहनी तार षड्जाभोवती चमकते. म्हणून वयस्क गायकाच्या मैफलीत पूरिया विस्ताराने ऐकायला मिळण्याची शक्यता सोहनीपेक्षा अधिक असते. दरबारी कानड्याचे आंदोलित गंधार-धैवत, मालकंसाचा मध्यम यांसारख्या ठिकाणी संथपणे थांबता येते आणि तानांच्या झपाट्याची उणीव तेथे भासत नाही. अडाणा किंवा बहार घेतला तर ती उणीव पहिल्या काही आवर्तनांतच उघडी पडते. अर्थात हा नियम नव्हे; पण राग जाहीर होताच कलावंताने आपल्या आजच्या गळ्याचा किती प्रामाणिक हिशेब केला आहे याचा अंदाज श्रोत्याला येऊ शकतो.

घराण्याचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याची चर्चा मराठी संगीतसमीक्षेत व्हावी तेवढी झालेली नाही. किराणा घराण्याची बढत, म्हणजे रागाचा क्रमाक्रमाने होणारा विस्तार, एकेका स्वरावर दीर्घकाळ ठेहराव घेत चालते. ही गायकी वरवर पाहता वृद्धत्वाला अनुकूल वाटते, कारण तीत घाई नाही. परंतु लांबवलेला स्वर हीच कंपाची सर्वांत कठोर परीक्षा असते. जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेऱ्याच्या, चौकटीत स्वर आणि लय यांची घट्ट वीण घालत पुढे जाते. तेथे एका स्वरावर फार काळ उभे राहावे लागत नाही म्हणून कंप झाकला जातो, पण दम मात्र सतत खर्च होतो. म्हणजे कोणत्या घराण्याचा गायक कसा वृद्ध होईल हे काही प्रमाणात त्याने तरुणपणी घेतलेल्या तालमीतच ठरलेले असते.

जयपूर घराण्याच्या बाबतीत तर गळ्याची मर्यादा आणि शैलीची जडणघडण यांचा संबंध मुळापासून सांगितला जातो. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज आमलेटा संस्थानात अतिगायनामुळे बसला आणि पुन्हा गाऊ लागल्यावर बदललेल्या गळ्याला झेपेल अशी पेचदार, लयीशी गुंफलेली गायकी त्यांनी घडवली, असे या परंपरेत मानले जाते. पुढे कोल्हापूर दरबारात आणि मुंबईत स्थिरावलेली ही गायकी महाराष्ट्र-गोव्याच्या कानांना इतकी परिचित झाली की तिच्या उगमाशी एक दुखावलेला गळा आहे याचे विस्मरण झाले.

त्याच परंपरेतील मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) हे उतारवयातील मैफलीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणावे लागेल. नीळकंठबुवा मिरजकरांकडून ग्वाल्हेर घराण्याची तालीम आणि नंतर मंजी खाँ व भुर्जी खाँ या अल्लादियापुत्रांकडून जयपूरची विद्या त्यांना मिळाली. तरी देशभरातील श्रोत्यांनी त्यांना खऱ्या अर्थाने ओळखले ते साठीच्या आसपास आणि त्यानंतर. पद्मश्री १९७० मध्ये, पद्मभूषण १९७६ मध्ये आणि पद्मविभूषण मृत्यूच्या वर्षी, हा क्रमच पुरेसा बोलका आहे. त्यांच्या उत्तरायुष्यातील ध्वनिमुद्रणांत आवाज बारीक आणि काहीसा कोरडा झालेला जाणवतो. परंतु लांबलचक प्रास्ताविक आलाप न करता ते थेट बंदिशीला हात घालतात, मध्यलयीकडे झुकलेल्या विलंबितात पहिल्याच आवर्तनापासून राग पूर्ण ताकदीने उभा करतात, आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याच्या वाटा इतक्या अनपेक्षित असतात की आवाजाचा पोत हा विषयच श्रोत्याच्या मनातून बाजूला होतो. शिवमत भैरव, खट, बिहागडा, शुक्ल बिलावल असे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग त्यांनी वृद्धापकाळी सहजपणे मांडले. अशा रागांची ओळख एखाद्या स्वराच्या किंचित वळणावर अवलंबून असल्यामुळे तेथे गळ्याच्या बळापेक्षा स्मृतीची आणि तालमीची अचूकता निर्णायक ठरते. मन्सूरांनी वयावर मात केली, असे सर्रास म्हटले जाते; वयाने जे अनावश्यक होते ते काढून घेतले आणि उरलेले त्यांनी अधिक टोकदार केले, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळचे आहे.

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांची कथा वेगळी. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतील उंच आणि गोड आवाज घशावरील उपचारांनंतर भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला, आणि सवाई गंधर्वांकडून मिळालेली किराण्याची आलापी त्यांनी त्या नव्या आवाजात पुन्हा बसवली. गळा बदलल्यावर करायची जी फेरमांडणी इतरांना साठीनंतर करावी लागते, ती त्यांनी फार आधी केली होती. म्हणूनच ऐंशीच्या घरातील गंगूबाई ऐकताना खचलेल्या आवाजाची नव्हे, तर दीर्घकाळ मुरलेल्या आवाजाची जाणीव होते.

ज्येष्ठांच्या मैफलीत मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचे स्थान स्वतंत्रपणे लक्षात घ्यावे लागते. गंगूबाईंच्या मागे कन्या कृष्णा आणि मन्सूरांच्या मागे पुत्र राजशेखर अनेक वर्षे गात होते. गुरू श्वास घेत असताना स्वराचा धागा तुटू न देणे, अर्ध्यावर सोडलेले वाक्य पूर्ण करणे, तार सप्तकातील झेप स्वतः घेऊन गुरूला पुन्हा मध्य सप्तकात मोकळी जागा करून देणे, ही कामे शिष्याची. त्यात एक नाजूक मर्यादा असते, कारण शिष्याचा गळा ताजा असतो आणि त्याच्या तानेची फिरत गुरूपेक्षा अधिक चपळ असू शकते. ती दाखवण्याचा मोह झाला की मैफलीचा तोल जातो. उलट, गुरूने केवळ सुचवलेली आणि स्वतः गाऊ न शकलेली जागा शिष्याने नेमकी ओळखून पुरी केली, तर विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाताना श्रोत्याला प्रत्यक्ष ऐकू येते. बंद खोलीतील तालमीचा हा भाग अन्यथा कोणालाच ऐकायला मिळत नाही.

वाद्यवादकांचे गणित निराळे असते. सतारीवर तार बाजूला ओढून काढलेली मींड बोटांच्या बळावर अवलंबून असते. पंडित रविशंकर उत्तरायुष्यात हलकी सतार वापरत आणि ४ नोव्हेंबर २०१२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे कन्या अनुष्का यांच्यासह त्यांनी अखेरची मैफल केली. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून महाराष्ट्राला परिचित असलेले तबलानवाज अहमदजान थिरकवा यांच्या वृद्धापकाळातील वादनात बोलांचा निकास, म्हणजे अक्षर उमटवण्याची पद्धत, इतका स्वच्छ आहे की वेगाचा विचारही मनात येत नाही.

येथे थांबण्याच्या निर्णयाचाही विचार झाला पाहिजे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी साठच्या दशकात जाहीर गायन बंद केले आणि त्यानंतर सुमारे दशकभराच्या हयातीत त्या व्यासपीठावर परतल्या नाहीत. आपले गाणे लोकांनी आपल्या निकषांवरच ऐकावे, अन्यथा ऐकू नये, ही त्यामागची भूमिका रसिकांना कठोर वाटली असेल. तरी तीही एक सांगीतिक निवडच होती आणि अखेरपर्यंत गात राहण्याइतकीच आदरणीय होती. किशोरी आमोणकर मृत्यूच्या काही दिवस आधी दिल्लीत गात होत्या, आणि १३ जानेवारी २०२४ रोजी प्रभा अत्रे यांचे निधन झाले त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गायन ठरलेले होते. या दोन्ही टोकांच्या मध्ये आयोजकांची जबाबदारी येते. शाल-श्रीफळ देण्याच्या निमित्ताने थकलेल्या कलावंताला वीस मिनिटे गायला बसवणे हा सन्मान नव्हे. आवाज तापायला तरुण गायकापेक्षा त्याला अधिक वेळ लागतो, आणि तो वेळच नाकारला जात असेल तर ऐकणाऱ्यांच्या पदरी फक्त मर्यादा पडतात.

वेळेचा हा प्रश्न गेल्या दोन दशकांत तीव्र झाला आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात भरणारा महोत्सव दीर्घकाळ रात्र-रात्र चालत असे आणि त्याची सांगता पहाटे भीमसेन जोशी यांच्या गायनाने होई. पुढे ते सांगतेचे स्थान प्रभा अत्रे यांच्याकडे आले. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधन आणले. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची त्यांत तरतूद असली, तरी खुल्या मंडपातील रात्रभराची मैफल संपली. नियमामागचा हेतू योग्य आहे. परंतु मालकंसानंतरचे, पहाटेकडे झुकणारे ललत-भैरवासारखे राग त्यांच्या प्रहरी, म्हणजे दिवसरात्रीच्या आठ विभागांपैकी त्यांच्यासाठी नेमलेल्या वेळी, ऐकण्याची संधी त्यामुळे विरळ झाली. ज्येष्ठतेच्या संकेतानुसार वडीलधारा कलावंत शेवटी बसतो, आधीचे कार्यक्रम लांबतात, आणि उरलेला तास-पाऊण तास त्याच्या वाट्याला येतो.

यावर उपाय दुर्मीळ नाहीत. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आज गावोगावी होतात, मात्र त्यांत भावगीते आणि नाट्यपदांचीच रेलचेल असते. त्यांतील एखादा कार्यक्रम सत्तरी ओलांडलेल्या एका गायकाला पूर्ण अडीच तास दिला आणि शे-दोनशे श्रोत्यांच्या बैठकीत ध्वनिक्षेपक मंद ठेवून केला, तर सकाळच्या रागांचा प्रश्न आणि वेळेचा प्रश्न एकत्रच सुटतो. ध्वनिक्षेपकाने वयस्क गायकाला एक मोठी सवलत दिली आहे: पूर्वी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यासाठी उंच पट्टी आणि जोरकस फेक लागे, आता खर्जातील हलका स्वरही ऐकू येतो. ती सवलत वाया जाते ती तबला आणि हार्मोनियम यांचा आवाज गायकापेक्षा वर चढवला की. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने मैफलीपूर्वी गायकाच्या मंद्र सप्तकावर पातळी ठरवून घेतली आणि साथीदारांनी त्या मर्यादेत वाजवले, तर उतारवयातील गळ्याचा सर्वांत समृद्ध भाग शेवटच्या रांगेतही शाबूत पोचतो.