पडदा काळा म्हणजे कॉम्प्युटर गेला असे नव्हे!

मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला चार दिवस उरले होते आणि नेमका तेव्हाच आमच्या घरचा कॉम्प्युटर रुसला. बटण दाबले की पंखा फिरे, पण पडद्यावर काही उमटेना. दुकानात नेला, तर न उघडताच निदान झाले : "मदरबोर्ड गेला, सहा हजार लागतील!" एवढे पैसे कुठले आणायचे? तसाच रिक्षात घालून परत आणला.

संध्याकाळी आमच्या बहिणीचा मुलगा आला. दुरुस्तीचे काम तो शिकलेला. म्हणाला, "मावशी, आधी बाहेरचं बघू, मग आतलं." त्याने जे दाखवले, ते वाचक भगिनींनाही उपयोगी पडेल.

पहिले, मॉनिटरचा दिवा बघा. तो लागतच नसेल तर मॉनिटरची वायर, प्लग आणि भिंतीवरचे बटण तपासा. दिवा आहे आणि पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येतात, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. कॉम्प्युटरकडून त्याला चित्रच पोहोचत नाही. मग मधली केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. जुन्या व्हीजीए केबलला १५ पिना असतात, एखादी वाकलेली नाही ना ते पाहा. मॉनिटरच्या बटणांतून योग्य इनपुट निवडलेले आहे का, तेही बघा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावायची.

दुसरे, कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आत चालू आहे, असे समजावे. दोष चित्राच्या वाटेवर शोधावा. पडद्यावर तिरपी बॅटरी मारल्यावर पुसट चित्र दिसले, तर मॉनिटरच्या आतला प्रकाश गेला.

आमच्याकडे हे सारे ठीक निघाले. मग त्याने विचारले, "इतक्यात कॉम्प्युटर हलवला होता का?" रंगकामासाठी हलवला होता! त्याने वीज बंद करून प्लग काढला, बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ दिली आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून झाकण उघडले. रॅमची पट्टी सैल झाली होती. ती काढून तिच्या सोनेरी कडा मुलीच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, भुगा झटकला आणि खाच जुळवून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवली. बटण दाबताच पडदा उजळला. खर्च शून्य!

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, आणि जुना काचेचा मोठा मॉनिटर घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणी वीज साठलेली असू शकते. ते काम जाणत्याचेच.

सगळेच दुकानदार फसवतात, असे आमचे म्हणणे नाही. पण "कशावरून गेला? दाखवा," एवढे विचारण्याइतके तरी आपल्याला कळले पाहिजे. अर्ज वेळेत गेला. पुढे महिन्याभराने पडदा पुन्हा काळा झाला, तेव्हा आम्ही भाच्याला निरोप धाडायला निघालो. तोवर मुलीने प्लग काढून खोडरबर हातात घेतलेही होते!