पडदा काळा पडला तर...

लॅपटॉपचे बटण दाबले. पंखा फिरू लागला, लहान दिवाही लागला. पण पडदा मात्र काळाच राहिला. अशा वेळी घरात लगेच कोणीतरी म्हणते, "संपला! आता नवीन घ्यावा लागणार." हे म्हणणे पुष्कळदा चुकीचे असते. पडदा काळा पडला म्हणजे यंत्र मेले असे नाही. कधी कधी दोष एका साध्या केबलचा असतो आणि आपण मात्र हजारो रुपयांचे यंत्र भंगारात टाकतो.

आपल्या बोर्ली पंचतनच्या परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील अनेक घरांतील कर्ती माणसे आखाती देशांत नोकरीला असतात. लॅपटॉपच्या पडद्यावरच त्यांची भेट होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची तयारी, घरातील फोटो हे सारे त्याच यंत्रात असते. दुरुस्तीचे मोठे दुकान जवळ नाही. म्हणून दोष कोठे आहे, हे आपल्याला थोडे तरी ओळखता आले पाहिजे.

उर्दूत आपण ज्याला 'तशखीस' म्हणतो, त्याला मराठीत 'निदान' म्हणतात. चांगला डॉक्टर आधी निदान करतो, मग औषध देतो. यंत्राचेही तसेच आहे.

चित्र पडद्यावर येते कसे?

आपल्या वाडीतील सुपारीच्या झाडांना पाणी कसे मिळते, ते आठवा. विहिरीत पाणी असते. पंप ते वर खेचतो. पाटातून ते वाहत जाते आणि झाडाच्या आळ्यात पोहोचते. आळे कोरडे दिसले, तर आपण लगेच विहीर आटली असे म्हणत नाही. पंप चालू आहे का, पाट कोठे फुटला आहे का, हे आधी पाहतो.

लॅपटॉपमध्येही असाच मार्ग आहे. प्रोसेसर आणि मेमरी ही झाली विहीर. त्यांच्याकडील माहितीपासून चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप हा झाला पंप. बिजागरीतून जाणारी पातळ केबल हा पाट आणि पडदा म्हणजे आळे. बहुतेक लॅपटॉपच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्या मागे किंवा कडेला दिव्यांची पट्टी असते. तिला 'बॅकलाइट' म्हणतात. या मार्गात कोठेही अडथळा आला, तरी आपल्याला दिसतो तो काळा पडदाच.

तपासणी क्रमाने करा

पहिली पायरी : आधी पाहा आणि ऐका. एकही दिवा लागत नसेल, पंख्याचा आवाजही नसेल, तर दोष पडद्याचा नसून विजेचा असू शकतो. चार्जर आणि घरातील सॉकेट तपासा. दिवा लागत असेल, तर कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आतून जागे आहे असे समजावे.

दुसरी पायरी : लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून सहज निघणारी असेल, तर तीही काढा. मग चालू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेली वीज निघून जाते. पुन्हा चार्जर लावून यंत्र सुरू करा. एवढ्यानेही कित्येक यंत्रे सुरू होतात.

तिसरी पायरी : प्रकाश कमी-जास्त करण्याचे बटण दाबून पाहा. कोणाच्या तरी हाताने प्रकाश अगदी कमी झालेला असू शकतो. विंडोज १० किंवा ११ असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ग्राफिक्स चिपला कामाच्या सूचना देणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात.

चौथी पायरी : खोलीत अंधार करा आणि पडद्यावर टॉर्चचा प्रकाश तिरका टाका. अंधूक चित्र दिसले, तर चित्र तयार होत आहे. फक्त बॅकलाइट बंद आहे.

पाचवी पायरी : ही सर्वांत महत्त्वाची. लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरातील टीव्हीला जोडा. टीव्हीवर तोच मार्ग निवडा. मग विंडोजचे बटण दाबून धरून पी दाबा आणि चित्र बाहेरच्या पडद्यावर येते का ते पाहा.

टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर विहीर आणि पंप ठीक आहेत. दोष केबलचा, बॅकलाइटचा किंवा पडद्याचा आहे. झाकण हळूच पुढे-मागे करताना चित्र येत-जात असेल, तर केबलवर संशय घ्यावा.

टीव्हीवरही रेघा, चौकोनी ठिपके किंवा विचित्र रंग दिसले, तर दोष ड्रायव्हरचा किंवा ग्राफिक्स चिपचा आहे. हा फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. यंत्र सुरू होताच कंपनीचे चिन्ह येते. त्या वेळी विंडोज आणि तिचा ड्रायव्हर सुरू झालेला नसतो. रेघा तेव्हाच दिसल्या, तर बहुधा चिपमध्येच बिघाड आहे. विंडोज आल्यावरच दिसल्या, तर ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहावा.

टीव्हीवर काहीच आले नाही आणि कॅप्स लॉकही प्रतिसाद देत नसेल, तर मेमरी किंवा मदरबोर्ड तपासावा लागतो. ते काम कारागिराचे.

ग्राफिक्स चिप बिघडते का?

चिप काम करताना खूप तापते आणि बंद झाल्यावर थंड होते. तापली की तिचे भाग प्रसरण पावतात, थंड झाली की आकुंचन पावतात. असे हजारो वेळा झाल्यावर तिच्या खालचे बारीक सांधे तडकू शकतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया या कंपनीने स्वतःच जाहीर केले, की लॅपटॉपमधील तिच्या काही ग्राफिक्स चिप कच्च्या साहित्यामुळे जास्त प्रमाणात बिघडत आहेत. त्यासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. काही लॅपटॉप कंपन्यांनी ग्राहकांची वॉरंटीही वाढवून दिली. म्हणून वॉरंटीचा कागद जपून ठेवावा.

मोठ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड वेगळे असते. ते काढून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये मात्र ही चिप बहुतेक वेळा मदरबोर्डवरच जोडलेली असते. काही लोक बोर्ड भट्टीत तापवून चिप 'जिवंत' करतात. हा उपाय टिकत नाही आणि त्यातून विषारी धूर निघू शकतो. घरी असे कधीही करू नये.

आपल्या हवेत घ्यायची काळजी

समुद्रकाठची हवा खारट आणि दमट असते. पावसाळ्यात धातूचे जोड गंजतात. पंख्यात धूळ अडकली की चिप अधिक तापते. म्हणून लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. टेबलावर किंवा पाटावर ठेवावा. विजा चमकत असताना चार्जर काढून ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. छपरे उडाली, घरांत पाणी शिरले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी भिजलेले यंत्र "चालते का पाहू" म्हणून सुरू करू नये. ओल्या यंत्रात वीज सोडली, की वाचणारे यंत्रही जळते. बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला हात न लावता जाणकाराला दाखवावे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पडदा बिघडला, तरी आपली माहिती डिस्कवर बहुधा सुरक्षित असते. टीव्हीवर चित्र येत असेल, तर आधी महत्त्वाची कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. मगच यंत्र दुरुस्तीला द्या. दुकानात गेल्यावर नुसते "बंद पडला" असे सांगू नका. "टीव्हीवर चित्र येते, पण पडद्यावर येत नाही," असे नेमके सांगा. नेमके सांगणाऱ्या ग्राहकाचा पैसाही वाचतो आणि वेळही.

स्वाध्याय

१. वाडीतील पाणी आणि लॅपटॉपमधील चित्र यांच्या मार्गांत कोणते साम्य आहे?
२. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसले, तर कोणता निष्कर्ष काढाल?
३. भिजलेला लॅपटॉप लगेच सुरू का करू नये?
४. दुकानदाराला लॅपटॉपचा दोष समजावून सांगणारे पाच वाक्यांचे संभाषण लिहा.