तिच्यावर विश्वास, हाच पहिला उपचार

‘एवढ्या रात्री गेलीस कशाला?’ ‘ओरडली का नाहीस?’ ‘कुणाला सांगू नकोस, बहिणीचं लग्न व्हायचंय.’ लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला घरात बहुधा हेच आधी ऐकावे लागते. बोलणारे वैरी नसतात. आई, मावशी, थोरला भाऊ असतात. पण या शब्दांनी ती गप्प होते आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून आज आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी गैरसमज दूर करू. भीतीने शरीर गोठते, आवाज फुटत नाही. ती संमती नव्हे. अंगावर जखम नसली तरी अत्याचार झालेला असू शकतो. करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, म्हणून सांगायला कधी महिनेही लागतात. उशिरा सांगितले म्हणजे खोटे सांगितले, असे नाही. मुलग्यांवरही असे अत्याचार होतात, त्यांचेही ऐका.

ती सांगेल तेव्हा एवढेच म्हणा : ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. आम्ही तुझ्यासोबत आहोत.’ तेच ते पुन्हा पुन्हा विचारू नका.

मग दवाखाना गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. ती २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही लवकर घेतली तरच नीट काम करते. शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत. आंघोळ झाली असेल, दिवस उलटले असतील, तरीही जावेच.

सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी एफआयआर आणा’ असे म्हणता येत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते, पण सज्ञान स्त्रीला तक्रार द्यायची नसली तरी तिचे उपचार थांबत नाहीत. तपासणी तिच्या संमतीनेच होते. दोन बोटांची चाचणी करू नये, करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. दिवस गेलेच, तर अत्याचारित स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. वय १८ पेक्षा कमी असेल तर पोक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने कळवणे सक्तीचे आहे. अनुसूचित जातीच्या बौद्ध कुटुंबांना ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर तक्रारीतच जात नोंदवून ते कलम लावायला सांगा. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मदतीसाठी फोन : महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२.

पुढचे काही महिने झोप न लागणे, दचकणे, जेवण तुटणे, जीव नकोसा वाटणे असे होऊ शकते. हे वेड नव्हे. समुपदेशक किंवा मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. जीव द्यायचे बोलत असेल तर एकटे सोडू नका. तिचे नाव वस्तीत, मोबाईलवर फिरवू नका. तो गुन्हा आहे. बैठक बसवून पैशांवर मिटवणे, किंवा त्याच्याशीच लग्न लावणे, हा दुसरा अत्याचार ठरतो.

पंचशीलातले तिसरे शील मोडले ते त्याने, तिने नव्हे. मग मान खाली तिने का घालावी? समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. आमची विनंती एवढीच : विहारातल्या महिला मंडळाने दोन अशा जणी आजच ठरवाव्यात, ज्या अर्ध्या रात्रीही तिच्यासोबत दवाखान्यात जातील. जय भीम!