वार्षिकांक घडताना – ४ : आधी नावे, मग ऱ्हस्व-दीर्घ

शाळेच्या वार्षिकांकाचे संपादक मंडळ कसे निवडावे, हे गेल्या लेखांकात पाहिले. मंडळ बसले की लेख मागवण्याआधी एक काम उरकून घ्यावे, ते म्हणजे संकेतपत्रिका. आपल्या अंकात कोणती गोष्ट कशी छापायची, याचा हा दोन पानांत मावणारा लेखी निर्णय. बहुतेक ठिकाणी हे काम मराठीच्या शिक्षकांकडे जाते आणि पहिल्या ओळीपासून अनुस्वार सुरू होतात. माझ्या मते सुरुवात नावांपासून व्हायला हवी. अंक हाती पडला की मुख्याध्यापकांचे मनोगत कोणी उघडत नाही. मुले वर्गाचा फोटो काढतात आणि आपले नाव शोधतात, घरचेही तेच करतात. लेखातला एखादा उकार चुकला तर वाचक पुढे सरकतो. ‘ऋतुजा’ची ‘रुतुजा’ झाली, तर ती त्या घराच्या कपाटात कायमची रुतुजा होऊन बसते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की शुद्धलेखनाचे नियम असताना शाळेने वेगळे काय ठरवायचे? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. लेखांसाठी ते पुरेसे आहेत, त्यांची नक्कल पत्रिकेत उतरवण्याची गरज नाही. पण नावांपाशी हेच नियम पेच टाकतात. व्यक्तिनामे दीर्घान्त लिहावीत, असे नियम सांगतो. म्हणजे ‘रवी’, ‘स्मृती’. समासात मात्र पूर्वपद ऱ्हस्व राहते, म्हणून ‘रविकिरण’. आता शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलीचे नाव ‘स्मृति’ असेल आणि तीही तशीच सही करत असेल, तर अंकात काय छापायचे? मी ‘स्मृति’च छापेन. नाव ज्याचे, त्याचा शब्द शेवटचा. शाळेच्याच अंकात अशुद्ध रूप कसे, ही शिक्षकांची हरकत मला समजते. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच रूप आपणच लिहून देणार असू, तर अंकापुरते सोवळे पाळण्यात अर्थ नाही. ‘नावे रजिस्टरप्रमाणे, शंका आल्यास विद्यार्थ्याला विचारून’, एवढी एक ओळ पत्रिकेत पुरते.

रूप ठरले तरी क्रम उरतोच. हजेरीत आडनाव आधी येते, बोलण्यात नाव आधी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. ती मुले अजून पहिलीत यायची आहेत, पण आजच्या मुलांपैकी कोणाला आईचे नाव हवे असेल तर काय, हे आताच ठरवलेले बरे. उपपदांबाबत माझे मत ठाम आहे: ‘चि.’ आणि ‘कु.’ काढून टाकावे, आणि शिक्षिकांच्या नावामागचे ‘सौ.’ही. गणित शिकवणाऱ्या बाईंचे लग्न झाले आहे की नाही, याची नोंद वार्षिकांकाने का ठेवावी? परंपरा मोडते, आदर कमी होतो, असे कोणी म्हणेल. पण त्याच पानावर शिपाईमामांचे नुसते ‘पांडुरंग’ छापताना आदराची आठवण कोणाला होत नाही. सगळ्यांचे पूर्ण नाव आणि पुढे हुद्दा, हा संकेत दोन्ही दोष काढतो. फोटोखालच्या ओळीतही तेच. ‘बसलेले, डावीकडून’, मग ‘उभे, पहिली रांग, डावीकडून’, शेवटी ‘गैरहजर’. ‘आणि इतर’ हे शब्द पत्रिकेत नावानिशी बाद करावेत.

इतक्या संकेतांनी मुलांचे लेखन साच्यातले होईल, ही भीती अधिक गंभीर आहे आणि पूर्ण खोटीही नाही. नियमांची वही हाती आली की लाल पेन मोकाट सुटते. म्हणून पत्रिकेने पेनालाही कुंपण घालावे. स्नेहसंमेलन, सहल, क्रीडादिन यांचे वृत्तांत मंडळाच्या भाषेत. तिथे ‘मान्यवरांनी समयोचित मार्गदर्शन केले’ खुशाल कापावे आणि पाहुणे नेमके काय बोलले ते लिहावे. कथा-कवितेत मात्र शब्द बदलायचा तर मुलाला विचारूनच. गोष्टीतली आजी अहिराणीत किंवा मालवणीत बोलत असेल तर तिला प्रमाण मराठीत आणू नये.

राहिला छपाईचा भाग. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात, आणि घाईत टाइप केले की ‘कऱ्हाडे’चे ‘कर्हाडे’, ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’ होते. डीटीपी करणाऱ्याकडे रजिस्टर नसते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. वर्गयादीचे प्रूफ त्या त्या वर्गात फिरवावे, प्रत्येकाने आपल्या नावासमोर सही करावी, आणि सही नसलेले पान छापखान्यात जाऊ नये. याला एक तास जातो. तो कोणाच्या तासिकेतून घ्यायचा, हे मुख्याध्यापकांकडून आधीच लिहून घ्यावे. पुढच्या लेखांकात फोटो आणि पालकांची संमती.