दळण्याआधी पाखडणं

१९७७ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन या तिघांनी एक छोटी भाषा तयार केली आणि आडनावांची आद्याक्षरं जोडून तिला नाव दिलं, ऑक. तिचं व्याकरण एका वाक्यात सांगता येतं: आधी खूण, मग कृती. फाइलमधली एकेक ओळ समोरून जाते. जिच्यात खूण सापडेल तिच्यावर कृती होते, बाकीच्या तशाच पुढे जातात. सर्व्हरच्या लॉगवर वर्षानुवर्षं हे हत्यार चालवल्यावर मला उशिरा उमगलं की नेटवर्कच्या दारातली फायरवॉलही हेच करते. तिच्यासमोरून ओळींऐवजी पॅकेट जातात, एवढंच. ही दोन्ही घराणी कित्येक वर्षं शेजारी शेजारी वाढली आणि दोघांना वेग मिळाला तो एकाच सवयीमुळे: जात्यात घालण्याआधी पाखडून घ्यायचं.

मजकुरात शब्द शोधणारं केन थॉम्पसनचं ग्रेप ऑकपेक्षाही जुनं, १९७३चं. पण त्याचा आज आपल्याला ठाऊक असलेला वेग आला माइक हार्टेलने लिहिलेल्या ग्नू ग्रेपमधून. त्याच्या पोटात बॉयर आणि मूर यांची १९७७ची युक्ती आहे. शोधायचा शब्द दहा अक्षरी असेल तर मजकुरातलं दहावं अक्षर आधी बघायचं. ते त्या शब्दात कुठेच नसेल, तर मधली नऊ न वाचता थेट दहा घरं उडी मारायची. म्हणून शब्द जितका लांब, तितका शोध सहसा जलद. शिवाय शब्द सापडेपर्यंत ओळ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हेही ते शोधत बसत नाही. २०१६मध्ये आलेलं अँड्र्यू गॅलंटचं रिपग्रेप आणखी एक पाऊल मागे जाऊन पाखडतं: ज्या फाइल प्रोजेक्टने दुर्लक्षित ठरवल्या आहेत, त्या ते उघडतच नाही.

या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं काम. तिथले लोक टीसीपीडंप वापरून नेटवर्कवरची वाहतूक बघत. अडचण अशी की आधी प्रत्येक पॅकेटची नक्कल करून ती प्रोग्रामकडे द्यायची आणि त्यातली बहुतेक त्याने फेकून द्यायची, यात मशीन थकून जाई. स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी चाळणीच प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या आत, नेली. तिथे त्यांनी मोजक्या सूचनांचं एक इवलंसं कल्पित यंत्र बसवलं. त्यात उडी फक्त पुढेच मारता येते. मागे फिरता येत नसल्यामुळे प्रोग्राम अडकून पडण्याची भीतीच नाही. हे बर्कली पॅकेट फिल्टर, म्हणजे बीपीएफ. जानेवारी १९९३मध्ये सॅन डिएगोच्या परिषदेत त्यांनी मांडलेल्या निबंधानुसार ते सन कंपनीच्या तत्कालीन सोयीपेक्षा १० ते १५० पट वेगवान होतं.

लिनक्सच्या फायरवॉलची वंशावळ लांबलचक आहे. आयपीएफडब्ल्यूअ‍ॅडम, मग १९९९मध्ये आयपीचेन्स, २००१मध्ये आयपीटेबल्स, २०१४मध्ये एनएफटेबल्स. दर वेळी आज्ञा नव्याने शिकायच्या. ओपनबीएसडी या प्रणालीची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. मे २००१मध्ये परवान्याच्या वादातून तिथली आयपीफिल्टर ही फायरवॉल काढून टाकण्यात आली आणि ती प्रणाली फायरवॉलवाचून राहिली. डॅनियल हार्टमायरने पीएफ नव्याने लिहायला घेतलं आणि डिसेंबरमधल्या ३.० आवृत्तीत ते लोकांच्या हाती पडलंसुद्धा. त्यातही तीच सवय दिसते. जोडणी एकदा मान्य झाली की तिची नोंद एका तक्त्यात होते आणि तिची पुढची पॅकेट नियमांच्या यादीकडे न जाता त्या तक्त्यावरूनच आत जातात.

नियमांचा क्रम हा या घराण्यांतला खरा भेद. आयपीटेबल्समध्ये निकाल देणारा पहिला नियम जुळला की विषय संपला. पीएफमध्ये शेवटचा जुळलेला नियम खरा, मध्येच ‘क्विक’ लिहिलेलं नसेल तर. ऑकमध्ये जुळणारे सगळेच चालतात. एका दूरच्या सर्व्हरवर मी सगळं अडवणारा नियम माझ्या स्वतःच्या परवानगीच्या वर लिहिला आणि त्याच क्षणी माझी जोडणी तुटली. तिथल्या सहकाऱ्याला रात्री उठवून कन्सोलपुढे बसवावं लागलं. तेव्हापासून मी आधी यादी वरून खाली वाचून काढतो आणि मगच एंटर दाबतो. लांब यादीचं दुसरं दुखणं वेगाचं: हजार पत्ते अडवायला हजार नियम लिहिले, तर एकेका पॅकेटला हजार तपासण्या सोसाव्या लागतात. एनएफटेबल्समध्ये ते हजार पत्ते एका संचात बसतात आणि एका नियमात काम होतं.

बर्कलीचं ते इवलं यंत्र २०१४मध्ये ईबीपीएफ होऊन लिनक्समध्ये मोठं झालं. २०१६मध्ये त्याला जोडून एक्सडीपी आलं. पॅकेट नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरपाशी पोहोचताच, कर्नलने त्याच्यासाठी नेहमीची बांधाबांध करण्याआधीच, ते तिथल्या तिथे टाकून देता येतं. २०१८च्या निबंधात एक्सडीपीच्या कर्त्यांनी प्रोसेसरच्या एका कोअरवर सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेटपर्यंतचा वेग नोंदवला आहे. कुणी पॅकेटचा पूर सोडून सर्व्हर बुडवू पाहतो, तेव्हा हाच वेग तो सर्व्हर वाचवतो.

पण पाखडताना दाणेही उडतात. ग्रेप जलद चालावं म्हणून आम्ही आज्ञेआधी सर्रास ‘एलसी ऑल’ ही भाषा ठरवणारी खूण ‘सी’ करून टाकायचो. त्या एका शब्दाने भाषाच बाजूला पडते आणि उरतात नुसते बाइट. इंग्रजी लॉगला त्याने काही होत नाही. देवनागरीत मात्र कोणतंही एक अक्षर दाखवणारं टिंब अक्षराच्या एका तुकड्यावर बसतं. कर्निघनच्या स्वतःच्या ऑकलाही दीर्घकाळ फक्त बाइट कळत. ‘मराठी’ शब्दाची लांबी विचारली की ते १५ सांगायचं. २०२२मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्निघनने त्यात युनिकोडची सोय घातली. आता ते ५ सांगतं: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. शाळेतलं मूल बोटावर तीनच मोजतं.