वंशवृक्षाचा तक्ता आणि वर्गातील मूल

प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात कुटुंबाचा पाठ येतो आणि त्यासोबत वंशवृक्षाचा तक्ता भरून आणण्याचा स्वाध्यायही बहुधा येतो. वर आजी-आजोबा, मध्ये आई-वडील, खाली भावंडे. स्वाध्याय निरुपद्रवी दिसतो. परंतु ज्याचे आई-वडील विभक्त आहेत, जे मामाकडे अथवा बालगृहात वाढते आहे, किंवा जे दत्तक आहे, अशा मुलापुढे हाच तक्ता रिकाम्या चौकटी घेऊन उभा राहतो. त्यातून त्याला कुटुंबसंस्थेचे ज्ञान होत नाही. आपल्या घरात काही उणे आहे, एवढेच उमगते.

अशा मुलास स्वाध्यायातून सूट द्यावी, असे पुष्कळदा सुचविले जाते. हा उपाय सदोष आहे, कारण सूट देणे म्हणजे त्याला सर्वांदेखत वेगळे काढणेच होय. वस्तुतः दोष प्रश्नाच्या मांडणीत आहे. तक्ता रक्ताचे नाते विचारतो. पाठाचा हेतू मात्र परस्परावलंबन समजावण्याचा असतो. तेव्हा प्रश्नच बदलावा. सकाळी कोण उठवते? डबा कोण भरून देते? प्रगतिपुस्तकावर सही कोणाची असते? आणि तू कोणासाठी काय करतोस? मुलाने मध्यभागी स्वतःला काढावे, भोवती ही माणसे काढावीत व जोडणाऱ्या रेषेवर नात्याऐवजी काम लिहावे. हा उपक्रम संपूर्ण वर्गाने करावयाचा असतो, हे महत्त्वाचे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. गळीत हंगाम जवळ येताच आई-वडील कारखान्यांच्या परिसरात निघून जातात. कित्येक मुले गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाचे जुलैतील चित्र व डिसेंबरातील चित्र सारखे असणार नाही. वंशवृक्ष दोन्ही वेळी तोच राहील. म्हणून हा उपक्रम वर्षातून दोनदा घेणे इष्ट.

कायद्याची दृष्टी या बाबतीत काहीशी पुढे गेली आहे. अविवाहित मातेस पित्याचे नाव उघड न करता अपत्याचे पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. छापील तक्त्यात पित्याची चौकट मात्र कायम आहे.

एक अडचण उरतेच. वडील वारलेले मूल कामे लिहिताना त्यांना कोठे काढील? काही मुले त्यांना काढणार नाहीत, काही सर्वांत मोठे काढतील. शिक्षकाने दोन्ही चित्रे तशीच स्वीकारावीत आणि कोणतेही चित्र मुलाच्या इच्छेविना वर्गात वाचून दाखवू नये.