खेळणाऱ्या लेकरासाठी कॉलेजची यादी कशी करावी?

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "आता कुठे टाकणार?" मुलगी कबड्डीत विभागापर्यंत खेळलेली असते, मुलगा आठशे मीटर चांगला धावतो. पुढे काय शिकायचे हे मात्र ठरलेले नसते. कोणी म्हणतो पोलीस भरती कर. कोणी म्हणतो नागपूरला पाठवा. कोणी म्हणतो, खेळाने पोट भरत नाही, सोडून दे.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण आहे. या निर्णयाचा भार शेवटी लेकराच्या शरीरावर पडतो. रोज तीन तास एसटीचा प्रवास, दुपारी वडापाव, संध्याकाळी सराव आणि रात्री पाच तास झोप, असे वर्ष काढले तर अभ्यासही जातो आणि खेळही. म्हणून कॉलेज निवडताना नाव आणि फी यांच्याबरोबर लेकराचा पूर्ण दिवस मोजा.

आधी तपासणी

यादी करण्याआधी सरकारी दवाखान्यात दोन तपासण्या करून घ्या. पहिली हिमोग्लोबिनची. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती लवकर थकते आणि आपण तिला आळशी म्हणतो. खेळणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मेहनतीच्या मानाने जेवण कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

दुसरी तपासणी सिकलसेलची. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. लेकरू फक्त वाहक, म्हणजे एएस असेल, तर ते खेळू शकते. पण त्याने भर उन्हात एकदम जोराचा सराव करू नये, पाणी भरपूर प्यावे आणि प्रशिक्षकाला आपली तपासणी सांगून ठेवावी. धावताना पाय एकदम गळाले, अंग फार दुखले किंवा दम लागला तर तिथेच थांबावे. एसएस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कस लावणारा खेळ नको, आणि कॉलेजच्या गावात मोठा दवाखाना हवा. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. प्रमाणपत्र मिळण्यासारखे असेल तर ते प्रवेशाआधीच काढा.

यादीत तीन प्रकारची नावे

एकाच कॉलेजवर जीव लावू नका. पाच-सहा नावे लिहा.

पहिली दोन-तीन नावे घराजवळची असू द्या. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय ही सगळी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. म्हणजे लेकरू पुसदच्या कॉलेजातून खेळले काय किंवा अमरावतीच्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्याच आणि विद्यापीठ संघाची निवडही तीच. कलर कोट मिळवायला घर सोडावेच लागते असे नाही. घरची भाकरी, वरण आणि पुरेशी झोप मिळाली तर गावातला खेळाडू मागे पडत नाही.

पुढची एक-दोन नावे खेळाचेच शिक्षण देणाऱ्या ठिकाणांची. यवतमाळहून सुमारे ९० किलोमीटरवर अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली सुरू झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. खेळातच राहायचे असे मनात असेल तर हे नाव लिहा.

शेवटी एखादे लांबचे, अवघड नाव. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था. मिळाले तर आनंद, नाही मिळाले तर वर्ष वाया जाऊ नये. ग्वाल्हेरसारख्या केंद्राच्या संस्थेत आरक्षणासाठी केंद्राच्या नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र लागते, ते आधीच काढून ठेवा.

काहीच ठरले नसेल तर

अठराव्या वर्षी ठरले नसणे यात लाज नाही. पण दारे उघडी राहतील अशी निवड करा. बी.पी.एड. कोणत्याही पदवीनंतर करता येते, म्हणून आज बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. घेतली तरी खेळाचा शिक्षक होण्याची वाट बंद होत नाही. फिजिओथेरपीला मात्र बारावीला जीवशास्त्र आणि नीट परीक्षा लागते. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. तिथे मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, उंची मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर हवी. उंची बसत नसेल तर नुसत्या भरतीच्या आशेवर वर्षे घालवू नका.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण ते ठरावीक स्पर्धांमधल्या ठरावीक यशालाच मिळते आणि क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवा.

एक कसोटी प्रत्येक नावाला लावा. उद्या गुडघा गेला आणि सहा-आठ महिने मैदान सुटले, तरी याच कॉलेजात लेकरू आनंदाने शिकेल का? उत्तर "नाही" असेल तर ते नाव खाली ढकला.

खाणे, राहणे आणि पैसा

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरा. बाहेरगावी जायचे असेल तर आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच ती आहे. योजनेत नागपूर-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, अमरावतीसारख्या विभागीय शहरासाठी ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये ठरवलेले आहेत. चालू वर्षाची रक्कम आणि गुणांची अट समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. हा पैसा कॉलेज उघडताच हातात येत नाही. पहिल्या काही महिन्यांच्या मेसची सोय झाली असेल तरच लांबचे नाव पक्के करा. पैसा कमी पडला की लेकरू सगळ्यात आधी जेवणात काटछाट करते, आणि घरी सांगतही नाही.

महागड्या पावडरींची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, अंडी, हिरव्या भाज्या रोज मिळाल्या तर बहुतेक खेळाडूंना पुरते.

प्रवेशाआधी जाऊन विचारा

आई-बाबांनो, फॉर्म भरण्याआधी एकदा लेकरासोबत कॉलेजात जा. माहितीपत्रकावर विसंबू नका. क्रीडा शिक्षक आहेत का? आपल्या खेळाचा संघ मागच्या वर्षी खरोखर खेळला का? मुलींचा संघ आहे का, आणि सरावानंतर त्या घरी कशा जातात? मैदानाजवळ प्यायचे पाणी आणि स्वच्छतागृह आहे का? दुखापत झाली तर कुठे नेतात? स्पर्धेच्या दिवसांत हजेरी आणि परीक्षेचे काय करतात? तिथे शिकणाऱ्या दोन मुलांनाही हेच विचारा.

उत्तरे वहीत नावासमोर लिहा. सोबत प्रवासाचे तास, जेवणाची सोय, झोपेचे तास आणि महिन्याचा खर्च मांडा. घरातल्या सगळ्यांनी मिळून ती वही वाचा, आणि शेवटचा शब्द लेकराचा असू द्या. मैदानावर त्यालाच उतरायचे आहे.